मंत्रचळ लेकराचा, हेलपाटे आईबापाचे

धाराशिव : उन्हाळ्यात ज्या गावाला टँकरची वाट बघावी लागते, तिथं एखादं लेकरू हात धुवायला एका वेळी अर्धी घागर पाणी घ्यायला लागलं की घरात पहिलं भांडण पाण्यावरून होतं. "एवढं काय लागलंय हाताला?" इथून सुरुवात होते. मग रागावणं, मग एखादी चापट, मग देवऋषी. आजाराचं नाव त्यानंतर कित्येक महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी निघतं.

त्या आजाराला डॉक्टर ओसीडी म्हणतात. मराठीत त्याला मंत्रचळ हा जुना शब्द आहे, पण तो आता चेष्टेतच जास्त वापरला जातो. नको असलेला एखादा विचार मनात घुसतो, घालवला तरी जात नाही आणि त्यातून भीती दाटते. ती भीती घालवायला एखादी कृती पुन्हा पुन्हा करावी लागते. केली की घटकाभर बरं वाटतं, थोड्या वेळानं विचार परत हजर. शंभर मुलांमागे एक ते तीन मुलांना हा त्रास असतो असा सर्वसाधारण अंदाज आहे. म्हणजे दोनशे पटाच्या शाळेत असं एखाद-दुसरं लेकरू असण्याची शक्यता बरीच.

समजा, परंडा तालुक्यातल्या एका वस्तीवरची सहावीतली मुलगी आहे. तिला वाटतं, हाताला काहीतरी घाण लागलीय आणि त्या हातानं भाकरी खाल्ली तर आई आजारी पडेल. म्हणून ती हात धुते. सात वेळा. मध्ये कुणी हाक मारली तर मोजणी चुकते, परत पहिल्यापासून. शाळेत वहीत एक अक्षर वाकडं आलं की ती खोडते, परत लिहिते, कागद फाटेपर्यंत. पुस्तकाला पाय लागला की आपल्याकडं सगळीच लेकरं नमस्कार करतात. हिला तो अकरा वेळा करावा लागतो. पाय लागलाच नव्हता हे दिसत असूनही करावा लागतो. रात्री झोपताना आईला विचारते, "माझ्याकडून काही पाप तर झालं नाही ना?" आई म्हणते नाही. पाच मिनिटांनी तोच प्रश्न.

ही मुलगी वेडी नाही, हट्टी नाही आणि तिला कुणी काही केलेलंही नाही. पुष्कळदा आपण करतोय ते जास्तीचं आहे हे अशा मुलांना कळत असतं. थांबता येत नाही, एवढंच. कळत असल्यामुळंच ती लपवतात. न्हाणीत जास्त वेळ घालवतील, शाळेत डबा खाणार नाहीत, पण सांगणार नाहीत.

घरात या लपवण्याला आयता आडोसाही मिळतो. सोवळं-ओवळं, विटाळ, शिवाशिव हे शब्द आपल्या घरांतून गेलेले नाहीत. मुलगी वयात येण्याच्या सुमारास हा त्रास सुरू झाला तर 'पोरगी फार नेमाची आहे' म्हणून चार दिवस कौतुकही होतं. नेम आणि आजार यांतला फरक ओळखणं अवघड नाही. नेम पाळला की माणसाला समाधान वाटतं आणि तो आपल्या कामाला लागतो. आजारात समाधान येतच नाही, दिवसातला तास-दोन तास त्यातच जातो, अभ्यास आणि खेळ सुटतो, हाताची सालं निघतात.

घर मदत करतं, आणि आजार वाढतो

या आजारातली सगळ्यात चमत्कारिक गोष्ट घरच्यांच्या मायेशी जोडलेली आहे. लेकरू रडतंय म्हणून आई त्याच्यासाठी वेगळा तांब्या ठेवते. बाप शेतातून आला की त्याला अंगणातच कपडे बदलायला लावतं, तो बदलतो. आजी दहा वेळा "काही झालं नाही, बाळा" म्हणून सांगते. त्या वेळेपुरती शांतता मिळते. पण प्रत्येक वेळी लेकराच्या मेंदूला एकच निरोप जातो की भीती खरी होती, म्हणून तर सगळ्यांनी ऐकलं. महिन्या-दोन महिन्यांत सगळं घर त्या आजाराच्या वेळापत्रकावर चालायला लागतं. मारझोड केली तर उलटं होतं, भीती दुप्पट होते आणि कृती चोरून सुरू राहते. माया आणि मार या दोन्ही वाटा एकाच जागी जातात. तिसरी वाट कुणीतरी शिकवावी लागते.

ती तिसरी वाट म्हणजेच उपचार. त्याचे दोन भाग आहेत. एक, गोळी. सर्ट्रालिन, फ्लुऑक्झेटिन यांसारखी औषधं मुलांना या आजारासाठी दिली जातात. ती झोपेची औषधं नव्हेत, त्यांची सवयही लागत नाही. गुण यायला मात्र दोन-तीन महिने लागू शकतात. पहिल्या काही आठवड्यांत लेकरू फार अस्वस्थ झालं, जिवाचं काही बोलायला लागलं तर लगेच डॉक्टरांना कळवायचं असतं. बरं वाटायला लागल्यावरही औषध किमान सहा महिने चालू ठेवावं लागतं आणि बंद करायचं ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून, हळूहळू.

दुसरा भाग सरावाचा. डॉक्टरांच्या भाषेत ईआरपी. भीती वाटते ती गोष्ट थोडी थोडी करायची आणि त्यानंतरची कृती रोखून धरायची. त्या मुलीच्या बाबतीत पहिली पायरी अशी असेल की दाराच्या कडीला हात लावायचा आणि पाच मिनिटं हात धुवायचा नाही. भीती वर चढते आणि काही वेळानं आपोआप उतरते. हे उतरणं लेकरानं स्वतः अनुभवणं हाच उपचार. पुढच्या आठवड्यात दहा मिनिटं, मग त्याच हातानं शेंगदाणे खायचे. पायऱ्या लेकराशी बोलून ठरवतात, जबरदस्ती नसते. रात्रीच्या त्या प्रश्नाला आईनं काय उत्तर द्यायचं, हेही त्यातच शिकवलं जातं. "हा प्रश्न तुझा नाही, त्या आजाराचा आहे, मी त्याला उत्तर देणार नाही," असं काहीतरी. ऐकायला सोपं आहे. रडणाऱ्या लेकरासमोर रोज रात्री असं म्हणणं सोपं नाही, म्हणून आईच्या पाठीशीही कुणीतरी लागतं.

या दोन भागांतलं कुठलं किती उपयोगी, यावर अमेरिकेत 7 ते 17 वयाच्या 112 मुलांवर झालेला एक अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. सर्ट्रालिनची नुसती गोळी घेतलेल्यांपैकी 21.4 टक्के मुलं जवळजवळ पूर्ण बरी झाली. नुसता सराव केलेल्यांपैकी 39.3 टक्के. गोळी आणि सराव दोन्ही मिळालेल्यांपैकी 53.6 टक्के. औषध म्हणून काहीच नसलेली गोळी दिलेल्या गटात हा आकडा होता 3.6.

ग्रामीण भागाच्या दृष्टीनं या आकड्यांचा अर्थ नीट लावायला हवा. मानसोपचारतज्ज्ञ गाठला, गोळी लिहून मिळाली, ती सरकारी खिडकीवर फुकटही मिळाली, तरी उपचारातला जास्त उपयोगाचा भाग अजून मिळालेलाच नाही. त्या अभ्यासातल्या मुलांना सरावाच्या 12 आठवड्यांत 14 बैठका मिळाल्या होत्या.

चौदा हेलपाटे

परंड्याहून धाराशिवला जायचं तर अंतर सत्तरेक किलोमीटर. नेहमीची वाट बार्शीवरून, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणाला जायला शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातून जावं लागतं. उमरग्याहून अंतर त्याहून जास्त. एसटीत महिलांना मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, तेवढा आधार. पण तिकिटापेक्षा रोजगार महाग पडतो. आईचा एक दिवस बुडाला की त्या दिवसाची मजुरी गेली, लेकराची शाळा गेली. बारा आठवड्यांत चौदा वेळा हे करणारं कुटुंब तालुक्यात शोधून सापडणं कठीण. तिसऱ्या-चौथ्या खेपेला हेलपाटा बंद होतो आणि कागदावर नोंद राहते : रुग्ण पुन्हा आला नाही.

राज्यातली ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं मराठवाड्याबाहेर आहेत. मंत्रचळाच्या बहुतेक लेकरांना मनोरुग्णालयात भरती करायची गरजच नसते, हे इथं स्पष्ट सांगायला हवं. 'येरवड्याला न्यावं लागेल' या धास्तीनं अनेक घरं पहिली पायरीच चढत नाहीत. लागते ती बाह्यरुग्ण तपासणी आणि आठवड्याची बैठक.

त्यासाठीची यंत्रणा कागदावर आहे. 1996 साली सुरू झालेल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञाबरोबर मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता आणि परिचारिका असं पथक धरलेलं आहे. या पथकानं जिल्ह्याच्या ठिकाणी बसावं आणि ठरल्या दिवशी तालुक्यालाही जावं, अशी मूळ कल्पना. 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक आहेत. गावातल्या उपकेंद्राचं नाव आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय आणि त्याच्या बारा सेवांच्या यादीत मानसिक आरोग्यही आहे. धाराशिव हा प्रेरणा प्रकल्पातला जिल्हा, शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर इथं मनाच्या आजारावर आधीपासून काम सुरू आहे. आशाताईंना घरातल्या कर्त्या माणसाची झोप, निराशा विचारायची सवय आहे. त्याच घरातल्या लेकराच्या हाताची सालं का निघाली, हा प्रश्न मात्र कुठल्याच रकान्यात नाही.

कायदा तर याहून स्पष्ट आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला आणि 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 18 नुसार सरकारी मानसिक आरोग्य सेवा मिळणं हा हक्क आहे. कुणालाही, त्यात मुलंही आली, या सेवेसाठी लांबचा प्रवास करावा लागू नये असं त्यात लिहिलेलं आहे. मुलांसाठीची सेवा ही किमान सेवांमध्ये धरलेली आहे. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला, कार्ड असो वा नसो, उपचार मोफत. किमान सेवा जिल्ह्यात नसतील तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी उपचार घ्यावेत, खर्च सरकार करेल, असंही कलम आहे.

यातला 'जिल्ह्यातल्या' हा शब्द परंडा-भूमकरांनी लक्षात ठेवावा असा आहे. दवाखान्याला त्यांचा पाय आपसूक बार्शीकडं वळतो आणि बार्शी सोलापूर जिल्ह्यात. कायद्यातली भरपाई जिल्ह्याच्या हद्दीत अडकते, आजारी लेकराची वाट हद्दीबाहेरून जाते. कायदा लिहिताना सीमेवरचे तालुके कुणाच्या डोळ्यासमोर नसावेत.

शाळेला आता आदेश आहे

पहिली ओळख शाळेत पटू शकते, कारण खोडून खोडून फाटलेली वही आधी गुरुजींच्या हातात येते. इथं अलीकडं एक महत्त्वाची गोष्ट घडली आहे. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 25 जुलै 2025 रोजी शाळा, महाविद्यालयं आणि क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. त्याहून कमी पट असेल तर बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी असावी. शिक्षकांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण मिळावं. हेल्पलाइनचे क्रमांक वर्गात ठळक लावावेत. देखरेखीसाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असावी.

बातम्या झाल्या त्या कोटा, लातूरसारख्या क्लासेसच्या गावांच्या अंगानं. पण वाड्या-वस्त्यांवरच्या जिल्हा परिषद शाळांचा पट शंभराच्या आत असतो, म्हणजे आपल्या बहुतेक लेकरांना लागू होतो तो दुसरा नियम, 'औपचारिक जोडणी'. हे शब्द फार सैल आहेत. मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या काचेखाली एक फोन नंबर सरकवला तरी जोडणी झाली असं दाखवता येईल. खरी जोडणी म्हणजे कोणत्या शाळेनं कोणाला कळवायचं, त्यानं किती दिवसांत लेकराला बघायचं आणि बघितल्यावर शाळेला काय सांगायचं, हे नावानिशी ठरलेलं असणं. केंद्रप्रमुखांकडं अशी यादी असेल तरच तिचा उपयोग.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. डोळे, दात, रक्त, हृदय, वाढ बघितली जाते. 2013 पासून चाललेल्या या तपासणीनं कितीतरी लेकरांच्या हृदयातली छिद्रं शोधून काढली, हे मान्य करायलाच हवं. ऑटिझम, अभ्यासातली अडचण, अतिचंचलपणा हेही तिच्या यादीत आहेत. मंत्रचळ त्या यादीत नाही. यादी दिल्लीत ठरते, ती बदलायला वेळ लागेल. पण पथकातल्या डॉक्टरांनी वर्गशिक्षकांना तीन गोष्टी तोंडी विचारायला कुणाची मनाई नाही : कोण हात धुण्यात फार वेळ घालवतं, कोण लिहिलेलं सारखं खोडतं, कोण एकच प्रश्न परत परत विचारून खात्री करून घेतं. नावं निघतात ती इथूनच. शिक्षकाला निदान करायचं नाही, वर्गासमोर ते सांगायचं तर मुळीच नाही. बोलायचं ते फक्त आई-वडिलांशी.

फोनवरचा अर्धा रस्ता

चौदा हेलपाट्यांचं गणित सोडवायचा एक मार्ग ताडून बघितलेला आहे. ब्रिटनमध्ये 11 ते 18 वयाच्या 72 मुलांवरचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सरावाच्या बैठका दवाखान्यात दिल्या, निम्म्यांना टेलिफोनवर. फोनवरच्या मुलांचा निकाल दवाखान्यातल्या मुलांपेक्षा कमी भरला नाही. व्हिडिओ नव्हे, साधा फोन. तो आपल्या वस्तीवरही आहे.

आपल्याकडं 10 ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस सुरू आहे. 14416 हा क्रमांक मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आधी समुपदेशक बोलतात, गरज पडली तर पुढं तज्ज्ञांशी जोडून देतात. काय चाललंय, कुठं जावं हे कळायला पहिला फोन म्हणून ही सोय चांगली आहे. पण दर आठवड्याला वेगळ्या माणसाशी बोलून सरावाचा उपचार होत नाही. त्याला तोच माणूस लागतो, ज्याला मागच्या बुधवारी कडीला हात लावून दहा मिनिटं निघाली होती हे ठाऊक आहे. म्हणून जिल्ह्याच्या पथकातल्या मानसशास्त्रज्ञानं पहिल्या दोन बैठका आणि महिन्यातली एक समोरासमोर घ्यावी, ती तालुक्याच्या रुग्णालयात, आणि मधल्या फोनवर. याला नवी इमारत लागत नाही. भरलेलं पद, ठरलेला वार आणि कामाच्या तासांत धरलेले फोन एवढं लागतं. आज फोनवर दिलेला तासभर कुठल्याच अहवालात 'रुग्ण तपासला' म्हणून मोजला जात नसेल, तर तो द्यायचा उत्साह कुणाला राहणार?

कळंब, वाशी, भूम, परंडा या पट्ट्यात अजून एक अडचण आहे, ती म्हणजे ऊसतोड. दिवाळीच्या पुढंमागं बिऱ्हाडं निघतात ती मार्चपर्यंत येत नाहीत. लेकरू बरोबर गेलं तर औषध मध्येच तुटतं, आजी-आजोबांकडं राहिलं तर सरावातला जोडीदार बदलतो. ज्या घरात हा उपचार चालू आहे त्यांनी निघायच्या आधीच्या खेपेला डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं, जास्त दिवसांची गोळी आणि चिठ्ठी मागून घ्यावी, आणि आजीला एकदा तरी बैठकीला बरोबर न्यावं. आजीचं मन वळलं नाही तर वेगळा तांब्या परत सुरू होतो.

देवऋषी, दर्गा, अंगारा हे सगळं बाजूनं चालतच असतं. त्यावरून आई-बापांना झोडपून काढणं हा शहरी लोकांचा आवडता उद्योग आहे. देवाला नारळ फोडल्यानं लेकराचं काही बिघडत नाही. बिघडतं ते त्यात गेलेल्या वर्षानं, आणि 'बाहेरची बाधा' म्हणून उपाशी ठेवणं, मारणं, धुरी देणं सुरू झालं तर. अशा अघोरी उपायांसाठी राज्यात 2013 पासून कायदा आहे.

पहिल्या भेटीला जाताना एक साधी गोष्ट फार कामाला येते. आठवडाभराची वही. किती वाजता, काय केलं, किती मिनिटं, घरच्यांनी काय केलं. दहा मिनिटांच्या गर्दीच्या ओपीडीत लेकरू तोंड उघडत नाही, ती वही बोलते. मानसोपचाराचा वार आधी फोन करून विचारावा, नाहीतर पहिलाच हेलपाटा वाया जातो. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळं कुणी पैसे मागितले तर पावती मागावी.

आजार जास्त असेल आणि शाळेवर परिणाम दिसत असेल तर आणखी एक दार आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजार धरलेला आहे. 40 टक्के किंवा जास्तीचं प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जास्तीची मागता येतात. खोडण्यातच ज्याचा पेपर संपतो त्या मुलाला दहावीला या वीस मिनिटांची किंमत कळते. 'पोरीच्या लग्नाला अडचण येईल' म्हणून हे प्रमाणपत्र नको म्हणणारी घरंही आहेत. ती भीती खोटी नाही, निर्णय घरच्यांचाच. हलक्या आजारात त्याची गरजही नसते, शाळेनं समजुतीनं थोडा वेळ दिला तरी भागतं.

सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेल्या जिल्हा समितीचं काय झालं, हे विचारायचा हक्क मात्र प्रत्येक पालकाला आहे. समिती स्थापन झाली का, बैठका किती झाल्या, शंभराच्या आतल्या किती शाळांची जोडणी कोणत्या तज्ज्ञाशी झाली, मानसिक आरोग्य पथकातली किती पदं भरलेली आहेत आणि पथक कोणत्या तालुक्याला कोणत्या वारी जातं. हे पाच प्रश्न माहिती अधिकाराच्या एका पानात बसतात. अर्जाला दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.